समुद्रात तळाला गळ टाकायची पहिली फेरी: अर्धा दिवस की पूर्ण दिवस?

बोटीवरून पहिल्यांदाच तळाच्या मासेमारीला जाताना अर्ध्या दिवसाची फेरी घ्यावी की पूर्ण दिवसाची, असं तुम्ही विचारलंत. अर्धा दिवस. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की 'नाहीतरी तळाच्या मासेमारीत कौशल्य लागत नाही म्हणे'. हे वाक्य मी माझ्या थोरल्या दिरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवेना.

भाऊजींच्या मते खरी मासेमारी म्हणजे धावत्या बोटीमागे आमिष ओढत नेणं. दोऱ्याला शिशाचं वजन बांधून ते तळाला सोडून बसणं म्हणजे विहिरीत पोहरा सोडणं. आम्ही सगळे गेलो तेव्हा त्यांनी मला सावलीत बसवलं आणि म्हणाले, "तू नुसती दांडी धर, बाकी खलाशी बघेल."

नुसती धरून काही होत नाही. शिसं तळाला टेकलं की दोरा एकदम सैल पडतो. त्याच क्षणी रिळाची दोन वळणं घेऊन ते हातभर वर उचलायचं, नाहीतर खडकात अडकलंच म्हणून समजा. बोट झुलत असते, तळ चढत-उतरत असतो, म्हणून अधूनमधून पुन्हा टेकवून बघायचं. वाळूवर शिसं मऊ बसतं, खडकावर टकटक लागतं. डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं बोटांना कळतं. सोपं असतं ते एवढ्याचसाठी, की मासे असलेला खडक शोधून नेमका त्यावर नांगर टाकायचं अवघड काम बोटवाल्याने आधीच केलेलं असतं.

माशाने आमिषाला टोचलं की भाऊजी दांडीला झटका देत. गळ होते सर्कल हुक, टोक आत वळलेले. त्यांना झटका दिला की ते तोंडातून निसटतात. मासा आमिष घेऊन वळला की शांतपणे रीळ फिरवायचं, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपसूक बसतो. खलाशाने हे दोनदा सांगितलं. पण भाऊजी ऐकतील तर ना! त्यांचा गळ रिकामाच वर येत राहिला.

माझ्या गळाला हेकरू लागला, म्हणजे ग्रूपर. हा मासा गळ लागताच कपारीत शिरून कल्ले फुगवतो आणि मग निघत नाही, म्हणून पहिले काही मीटर ढील द्यायची नाही. मी दिली नाही. मासा वर आला तो नियमातल्या मापापेक्षा लहान, म्हणजे सोडायचा. पोट टम्म, डोळे बाहेर आणि तोंडातून गुलाबी फुगा. भाऊजी म्हणाले, "ती हवेची पिशवी आहे, टाचणी मार, मोकळा होईल."

तो फुगा हवेची पिशवी नसतो. ते माशाचं जठर असतं. आम्ही साधारण 30 मीटर खोलीवर होतो. तिथला दाब पृष्ठभागाच्या चौपट, त्यामुळे वर येईपर्यंत माशाला पाण्यात तोलून धरणाऱ्या पोटातल्या हवेच्या पिशवीतला वायू चौपट फुगतो आणि जठराला तोंडावाटे बाहेर ढकलतो. त्याला भोक पाडणं म्हणजे माशाच्या पोटालाच भोक पाडणं. सुई वापरणारे आहेत, पण ते छातीच्या पराच्या मागून थेट पिशवीत टोचतात आणि ते शिकावं लागतं. त्यापेक्षा जबड्याला चिमटा लावून वजनाबरोबर मासा खाली नेऊन सोडावा, दाबाने वायू पुन्हा आकसतो. आमच्या खलाशाने तेच केलं. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातासाठी 2022 मध्ये असं साधन किंवा सुई बोटीवर तयार ठेवण्याची कायद्याने सक्ती झाली, ती उगीच नव्हे.

भाऊजी अजून म्हणतात, आपण सोडलेला तो मासा मेलाच असणार. घरच्या ग्रुपवर टाचणीचे व्हिडिओ पाठवतात. वर त्यांना फोटोसाठी सगळ्यांत मोठा हेकरू हवा असतो. बरेचसे हेकरू आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर नर होतात. मोठे तेवढे उचलत गेलं की नरच उरत नाहीत, हे सांगितलं की विषय बदलतात.

तर बोट ठरवताना विचारा, सोडायचा मासा खाली कसा पाठवता? 'फेकतो, जगतो आपला' असं उत्तर आलं तर दुसरी बोट बघा.

अर्धा दिवस का, ते राहिलंच. नांगरलेली बोट चालत्या बोटीपेक्षा जास्त डुलते, आणि एकदा मळमळायला लागलं की परतीचीच वाट बघावी लागते. त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी घ्या आणि नजर क्षितिजावर ठेवा. शक्य झालं तर अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस निवडा. प्रवाह मंद असतो, हलकं शिसं पुरतं. दोरा हाताला गुंडाळू नका. काटेरी मासा खलाशालाच सोडवू द्या, शिंगाळ्याचा काटा विषारी असतो. लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नको.

प्रवाळाजवळचा मोठा शिकारी मासा खायचा असेल तर आधी तिथल्या जाणत्या लोकांना विचारा. काही भागांत अशा माशांमध्ये सिग्वाटेराचं विष साठतं. ते सूक्ष्म शेवाळातून येतं, शिजवून किंवा गोठवून जात नाही, आणि मासा दिसायला, चवीला अगदी चांगला असतो.