एका रुग्णाच्या अहवालाला किंमत किती?

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंवरचे मायलिन हे आवरण झडण्याचा आजार, आणि मार्बर्ग हा त्याचा दुर्मिळ, झपाट्याने बळावणारा प्रकार. त्यावर शोधले तर एकेका रुग्णाचेच अहवाल सापडतात, त्यांवर कितपत विसंबावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बरेच विसंबावे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी या आजाराचे हजार रुग्ण कुठून गोळा करायचे तेही सांगावे.

आमचे घर देवगड तालुक्यातले. ऐन आंबाकाढणीत माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या हातातून झेला निसटू लागला, तेव्हा उन्हाचा शीण म्हणून घरच्यांनी तिकडे दुर्लक्ष केले. पुढे त्याचा पायही ओढू लागला आणि जीभ अडखळू लागली. कोल्हापूरला एमआरआय काढला, तर मेंदूत सुपारीपेक्षा मोठा डाग. गाठ आहे, काढून टाका, असे सांगण्यात आले. मात्र तेथील एका तरुण निवासी डॉक्टर बाईंनी फिल्म पुन्हा उजेडावर धरली आणि डागाभोवतीचे पांढरे कडे मेंदूच्या करड्या भागाच्या बाजूला तुटलेले आहे, हे मला बोट ठेवून दाखवले. असे अर्धवट कडे गाठीपेक्षा मायलिन झडण्याच्या आजारात अधिक आढळते, हे त्यांनी अशाच एका रुग्णाच्या अहवालात वाचले होते. बायोप्सीत त्यांचेच म्हणणे खरे ठरले. पुढे शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडला आजार दाद देईना, तेव्हा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रवभाग, बदलण्याचे ठरले.

त्यावर मुंबईतले आमचे डॉक्टर चुलतबंधू फोनवर म्हणाले, "एका रुग्णाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे." मार्बर्ग यांनी १९०६ साली हा आजार मांडला तो मोजक्या रुग्णांवरून, मेंदूत एकात एक वर्तुळे उमटवणाऱ्या अशाच आजारावरचा बालो यांचा १९२८चा लेख तर २३ वर्षांच्या एकाच विद्यार्थ्याच्या शवविच्छेदनावर उभा आहे. एमआरआय आल्यावर जिवंत रुग्णांचे अहवाल छापून येऊ लागले, आणि बालोचा आजार झालेला माणूस वाचू शकतो हे तेव्हा कुठे नीट कळले. स्टेरॉइडला न जुमानणाऱ्या झटक्यांत प्लाझ्मा बदलण्याची जी चाचणी १९९९ साली प्रसिद्ध झाली आणि आजही आधाराला घेतली जाते, तिच्यातही रुग्ण २२च होते. हे सारे मी बंधूंना लिहून पाठवले. उत्तर आलेले नाही.

एक मात्र सांगायला हवे. फार वाईट झालेला किंवा अनपेक्षितपणे सुधारलेला रुग्णच बहुधा छापला जातो, आणि गुण औषधाचा की आजार आपणहून ओसरल्याचा, हे एकावरून ठरत नाही. शिवाय माझ्या भावाचा आजार गाठीसारखा दिसणारा होता, मार्बर्ग नव्हे. तो आज काठीशिवाय चालतो, म्हणून आपल्या रुग्णाचेही तसेच होईल असे मी म्हणणार नाही. २००४ पूर्वीचे अहवाल जपून वाचावेत, कारण ॲक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे तोवर ठाऊक नव्हती आणि न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या, डोळ्यांच्या मज्जातंतूंवर व मज्जारज्जूवर घाला घालणाऱ्या वेगळ्या आजाराचे अनेक रुग्ण मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येच धरले जात. त्या प्रतिपिंडांची आणि मॉग या मायलिनमधल्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधे न्यूरोमायलायटिस ऑप्टिकात अपाय करतात.

अहवाल लिहिण्यासाठी डॉक्टरांनी संमती मागितली तर द्यावी. माझ्या भावाने दिली. घराण्याचे नाव चव्हाट्यावर येईल म्हणून चुलतबंधूंचा त्यालाही विरोध होता. अशा अहवालात रुग्णाचे नाव छापत नाहीत, हे डॉक्टर असून त्यांना मी सांगावे लागले.