पीएफ मोडून मुलाला पुण्याला पाठवू का?

प्रश्न: मी अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात २७ वर्षं ऑपरेटर आहे. वय ५२. हातात महिना ४६ हजार येतात. सिडकोत स्वतःचं घर आहे. मुलाला बारावी सायन्सनंतर सीईटीत ७१ पर्सेंटाइल मिळाले. कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या) फेरीत नाशिकलाच मेकॅनिकल लागलंय, पण त्याला पुणंच हवंय आणि कॉम्प्युटरच हवंय, तेही इन्स्टिट्यूट लेव्हलच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या सीटवर. तिथली फी वर्षाला १ लाख ६० हजार, राहणं-जेवण आणखी १ लाख ३० हजार. माझ्या पीएफमध्ये १४ लाख आहेत, ते काढा असं मिसेस म्हणतात. मेहुणे म्हणतात डिग्रीला आता कुत्रं विचारत नाही, पोराला द्राक्षाच्या पॅकहाउसवर लावा. ‘कर्ज काढ आणि शीक’ म्हणालो तर मुलगा म्हणतो, ‘जन्माला घातलंत ना, मग शिकवा.’ मी पेपर टाकून आयटीआय केलं, वडिलांकडून एक रुपया घेतला नाही. आता माझ्याकडे शिकून गेलेली पोरं माझे साहेब आहेत. मुलगी नववीला आहे, तिचं नंतर बघू. काय करावं?
– एक पालक, सिडको, नाशिक

नमस्कार दादा,

मुलाचं ते वाक्य तुम्हाला लागलंय, हे पत्राच्या अक्षरावरूनच कळलं. तिथे पेन जोरात टेकलंय. पण एक विचारते, रागावू नका. तुमची पगाराची स्लिप त्याने कधी बघितली आहे का? पीएफचा आकडा तुम्ही मला लिहिलात, त्याला सांगितलात का? आपल्याकडे घरातला पैसा मुलांपासून देवघरातल्या दागिन्यासारखा लपवून ठेवतात आणि सतराव्या-अठराव्या वर्षी त्यांनी एकदम समजूतदार व्हावं अशी अपेक्षा धरतात. ज्याला आकडा माहीत नाही, तो ‘शिकवा’ एवढंच म्हणणार.

दुसरं, तुमच्या आयटीआयबद्दल. पहाटे पेपर टाकलेत, ते कष्ट तुमचेच. पण सरकारी आयटीआयची फी तेव्हा नाममात्र होती. लेथ सरकारचा, मास्तरांचा पगार सरकारचा आणि नंतर अप्रेंटिसशिप केली असेल तर १९६१ च्या कायद्याने स्टायपेंडही मिळाला असेल. म्हणजे वडिलांनी भरलं नाही तरी तुमच्या शिक्षणाचा मोठा वाटा कुणीतरी भरलाच होता. हे मी तुम्हाला खाली दाखवायला लिहीत नाही. ‘बाप भरणार की पोरगा’ या भांडणात तुम्ही दोघंही तो तिसरा खिसा विसरलात, म्हणून लिहितेय.

तो तिसरा खिसा असा. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत खुल्या प्रवर्गातल्या मुलाची निम्मी ट्यूशन फी शासन भरतं. कॉलेजात सगळे याला ‘ईबीसी’ म्हणतात. तुम्ही प्रवर्ग लिहिला नाहीत, ओबीसी असाल तरी सवलत आहे, फक्त योजना वेगळी. मात्र ही सवलत कॅपमधून मिळालेल्या प्रवेशालाच लागू होते. इन्स्टिट्यूट लेव्हलच्या सीटवर ती नाही. ही गोष्ट पालकांना बहुतेक वेळा पैसे भरून झाल्यावर कळते.

आता हिशेब. नाशिकच्या कॉलेजचं फी-पत्रक तुम्ही सोबत जोडलंय, त्यात एकूण १ लाख २० हजार आहेत, पैकी ट्यूशन फी १ लाख ५ हजार. ईबीसीने ५२,५०० कमी झाले की उरतात ६७,५००. सिटीलिंक बसचा पास, पुस्तकं, सबमिशन, डबा सोडून बाहेरचं चहा-वडापाव धरून वर्षाला २० हजार. म्हणजे वर्षाला ८७,५०० आणि चार वर्षांचे साडेतीन लाख. पुण्याचे वर्षाला २ लाख ९० हजार, म्हणजे चार वर्षांचे ११ लाख ६० हजार. फरक ८ लाख १० हजारांचा.

माझं मत सरळ आहे. नाशिकचे साडेतीन लाख ही तुमची जबाबदारी. त्याबाबतीत मुलगा बरोबर बोलतोय आणि महिन्याला सव्वासात हजार तुमच्या पगारातून ओढाताण करून का होईना निघतात. वरचे आठ लाख त्याच्या आवडीचे आहेत. ती आवड चूक नाही, पण तिचं बिल त्याच्या नावावर फाटलं पाहिजे.

पीएफला हात लावू नका. वहिनींना माझ्या नावाने सांगा. तुम्ही सहा वर्षांनी ५८ ला रिटायर होणार. ईपीएसचं, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं पेन्शन जास्तीत जास्त १५,००० च्या पगारमर्यादेवर मोजतात. तुमच्या खात्यातून गेल्या दोन-चार वर्षांत रिटायर झालेल्या कुणाला तरी गाठून महिन्याला किती जमा होतं ते विचारा, मग पुन्हा काही सांगावं लागणार नाही. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला कुठली बँक देते? आज पीएफ मोडलात तर उद्या तुमच्या औषधपाण्याचा खर्च त्याच मुलाच्या पगारातून जाणार, म्हणजे कर्ज त्याच्यावर आलंच, फक्त त्याला न सांगता.

कर्जाचा आकडा त्याच्यासमोर मांडा. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज केंद्राच्या हमी योजनेत तारणाशिवाय मिळू शकतं, त्यावर गेलं की बँक घराचे कागद मागते. म्हणून साडेसातच धरू, वरचे साठ हजार तुम्ही घाला. (इन्स्टिट्यूट लेव्हलच्या सीटला काही शाखा खळखळ करतात, कॉलेजात पैसे भरण्याआधी मॅनेजरला भेटा.) व्याज १० टक्के धरा. दर वर्षी चौथा हिस्सा उचलला, चार वर्षं शिक्षण आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच. पाच वर्षांनी साडेसातचे १० लाख १२ हजार झालेले असतात. सात वर्षांत फेडायचे तर महिना १६,८०० रुपये हप्ता. मुलाला सांगा, साडेतीन लाखांचं पॅकेज म्हणजे हातात पंचवीस हजारांच्या आसपास. त्यातून हप्ता, पुण्यातलं कॉट-बेसिसचं भाडं आणि मेस भागवून दाखव. कागद त्याच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प बसा.

व्याज शिकतानाच भरत गेलं तर मुद्दल साडेसातच राहतं आणि हप्ता साडेबारा हजारांच्या आत येतो. पहिल्या वर्षी हे व्याज महिना साधारण दीड हजार असतं, चौथ्या वर्षी सव्वासहा हजार. पहिल्या वर्षाचं तरी त्याने स्वतः कमवून भरावं. आठवीतल्या दोन पोरांची गणिताची शिकवणी घेतली तरी निघतं. एवढं करायची तयारी दाखवली, तर तो खरोखर पुण्याला जायच्या लायकीचा आहे असं मी म्हणेन आणि तुम्ही सही करा. कर्जात सहकर्जदार म्हणून तुमचं नाव लागणारच, त्यातून सुटका नाही.

आता डिग्रीला किंमत आहे का? मेहुण्यांचं अर्धं खरं. पॅकहाउसवर घड कापून पनेटमध्ये (प्लास्टिकच्या डब्यात) भरायला डिग्री लागत नाही. पण युरोपला जाणाऱ्या त्याच द्राक्षांचा रेसिड्यू रिपोर्ट (औषधाचा अंश किती उरला तो) लॅबमध्ये कोण काढतं, त्यावर सही कुणाची असते, हे त्यांनाच विचारा. आणि तुम्हाला तर हे मी सांगायची गरजच नाही. तेविसाव्या वर्षी जीईटी (शिकाऊ इंजिनिअर) म्हणून आलेल्या पोराला तुम्ही मशीन शिकवलंत, तीन वर्षांनी तो तुमच्या रजेच्या अर्जावर सही करायला लागला. त्याला तुमच्यापेक्षा काम जास्त येत नव्हतं. डिग्रीमुळे ते दार त्याला उघडं होतं, तुम्हाला नव्हतं. डिग्रीची किंमत बहुतेक वेळा एवढीच असते, आणि ती काही कमी नाही.

पण त्या दारासाठी गाव कुठलं हे फारसं बघत नाहीत. तुम्ही लिहिलेलं पुण्यातलं कॉलेज आणि इथलं कॉलेज, दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच. पदवी एकाच विद्यापीठाची. बड्या कॉलेजांना कंपन्या जास्त येतात हे खरं, पण ७१ पर्सेंटाइलला पैसे भरून मिळणारं कॉलेज त्यातलं असेलच असं नाही. हे माहितीपत्रकात कळत नाही. त्यासाठी शनिवार-रविवार सोडून एका वाराला बापलेक पहाटेची शिवशाही धरून पुण्याला जा. ऑफिसात शिरू नका, गेटसमोरच्या टपरीवर बसा. शेवटच्या वर्षाच्या पोरांना विचारा, वर्गातले किती जण कॅम्पसला बसले, किती जणांना लेटर मिळालं, त्यातले प्रत्यक्ष किती जॉइन झाले. सगळ्यात मोठं पॅकेज किती हे विचारू नका, ते बॅनरवर असतंच. ‘फी’च्या पलीकडे कुणी रोख मागितलं आणि पावती नाही म्हणालं, तर तिथूनच परत फिरा. डोनेशन घेणं १९८७ च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. मान्य फी किती ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दिसतं.

कॉम्प्युटरचं काय? दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका घराला छातीठोकपणे सांगितलं होतं, काहीही करा पण कॉम्प्युटरच घ्या. त्यांनी नानेगावकडची वीस गुंठे जागा विकली. मुलाला कोडिंगचा कंटाळा होता, हे मी विचारलंच नव्हतं. आज तो इन्शुरन्स विकतो, बरा कमावतो, पण जागा गेली ती गेलीच. तेव्हापासून मी आधी एकच प्रश्न विचारते, तुम्हीही विचारा: आजवर स्वतःहून एक तरी प्रोग्राम लिहिलास का? लिहिला असेल तर दाखव म्हणा. आणि कॅपच्या फेऱ्या शिल्लक असतील तर मेकॅनिकल लगेच फ्रीझ (पक्कं) करू नका, नाशिकचीच कॉम्प्युटर आणि आयटी वर ठेवून पसंतीक्रम नीट लावा. ते मिळालं तर हे सगळं पत्र वाया गेलं, आणि मला आनंदच होईल. काहीच पटलं नाही तर बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि तिथून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. एक वर्ष जास्त जातं, पैसे खूपच कमी.

शेवटचं. मुलासाठी तुम्ही तीन पानं लिहिलीत, मुलीसाठी एक ओळ. ‘तिचं नंतर बघू’ म्हणजे १४ लाख संपल्यावर? २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाची पूर्ण ट्यूशन फी शासन भरतं. म्हणजे इंजिनिअर व्हायचं तर या घरात सगळ्यात स्वस्तात तीच होईल, तिला कुणी विचारलंय का? तुम्ही कुठल्या प्रवर्गात बसता ते बघून लागतील ते दाखले सेतूतून आत्ताच काढायला घ्या, जूनमध्ये तिथे रांग आवरत नाही.

रविवारी जेवणं झाली की चौघं बसा. स्लिप, पीएफचं स्टेटमेंट, दोन्ही कॉलेजांची फी-पत्रकं सतरंजीवर मांडा. बेरजा-वजाबाक्या मुलीला करू द्या. आणि त्या कागदावर तिच्या नावाचाही एक रकाना आखायला सांगा.