काट्यावर 78 होते, पोलिसांच्या स्पीडगनवर 84 कसे? वाद घालावा का?

घालू शकता, पण मुद्दा नीट निवडा. गाडीचा काटा सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी नाही. कंपन्या तो मुद्दाम तसा ठेवतात. त्यामुळे काटा 78 आणि गन 84, हे जरा उलटंच आहे. बहुतेक वेळा होतं असं की पोलीस दिसले, पाय ब्रेकवर गेला आणि मग काट्याकडे लक्ष गेलं. गनने त्याआधीच आकडा टिपलेला असतो. मूळ मापापेक्षा मोठे टायर टाकले असतील तरी काटा कमी दाखवतो, ते आधी तपासा.

'कडेला तिरकं उभं राहून मारली म्हणून जास्त आला' हे तर बोलूच नका. उभ्या जागेवरून तिरकं मोजलं की आकडा कमी येतो, म्हणजे फायदा तुमचाच. विचारण्यासारखा प्रश्न एकच: आकडा माझ्याच गाडीचा कशावरून? गन रडारची असेल तर तिचा झोत पसरट असतो, शेजारचा ट्रकही त्यात येऊ शकतो. लेझर गनचा झोत 300 मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद, तिथे ही शंका फारशी टिकत नाही.

मी एकदा काच खाली करून, इंजिन बंद करून एवढंच म्हटलं, "साहेब, फोटो बघू का?" त्यांनी स्क्रीन फिरवली. नंबरप्लेट माझीच, वेळही तीच. मुकाट्याने पावती घेतली.