लाकडी उबवणी पेटी पुन्हा चालू करताना : वाचकांच्या शंका

प्रश्न (शिरोळ तालुका) : पुराच्या पाण्यात दोन दिवस राहिलेली १०० अंड्यांची जुनी लाकडी पेटी आहे. दार फुगलंय, आतून कुबट वास येतो. उन्हात टाकून वाळवली तर चालेल का?

उन्हात टाकू नका. वरचा थर झटकन आकसतो, आतला ओलाच राहतो आणि फळी उभी चिरते. आधी दार, अंड्यांचे ट्रे, पाण्याचे भांडे, बिजागऱ्या सगळे सोडवा. मागच्या फळीचे स्क्रू काढून दुहेरी भिंतीतला भुसा पूर्ण बाहेर काढा आणि फेकून द्या. कुबट वास तिथलाच आहे, आणि तीच बुरशी पुढे अंड्यांत शिरते. गाळ धुऊन झाल्यावर लिटरभर पाण्यात १० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून वरची निवळी फडक्याने आतून-बाहेरून लावा आणि दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून घ्या. मग पेटी सावलीत, चार विटांवर, चहूबाजूंनी वारे लागेल अशी ठेवा.

लाकूड वाळले की नाही हे हाताला कळत नाही. सुटे केलेले दार दर तीन दिवसांनी वजनकाट्यावर ठेवा. लागोपाठ दोनदा वजन तेच आले की वाळले म्हणायचे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे होत नाही. काम दिवाळीनंतर काढा.

सांधे ढिले असतील तर ठोकून उघडू नका. जुन्या पेट्यांचे सांधे बहुधा सरसाने (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाने) चिकटवलेले असतात. गरम पाण्यात पिळलेले फडके सांध्यावर पाच-दहा मिनिटे धरले की सरस मऊ होतो आणि कुसू (खाचेत बसवलेले फळीचे टोक) न मोडता बाहेर येते. पुन्हा चिकटवताना पाणी न लागणारा प्रकारच घ्या. पेटीच्या आतल्या उबेत आणि ओलाव्यात साधा पांढरा गोंद सुटतो. भिंतीत भरायला कोरडा भुसा किंवा २५ मिलिमीटरचे थर्मोकोल चालते, पण तापणाऱ्या तारेच्या किंवा, रॉकेलच्या दिव्यावरची पेटी असेल तर, दिव्याच्या नळीच्या आसपास थर्मोकोल नको. ते वितळते आणि पेटही घेते.

प्रश्न (गारगोटी) : आमच्या पेटीत पितळेची चपटी गोल डबी आहे. पूर्वी ती फुगून वरची काडी उचलायची, आता हलत नाही. तिला डाग देऊन नीट होईल का?

ती ईथर भरलेली कॅप्सूल आहे. इंग्लंडात चार्ल्स हिअर्सन यांनी १८८१ मध्ये ही युक्ती आणली आणि पुढे कितीतरी बनावटींच्या पेट्या तिच्यावरच चालल्या. दोन पातळ चकत्या कडेने जोडलेल्या, आत थोडे ईथर. शुद्ध ईथर साडेचौतीस अंशांच्या आसपास उकळते, म्हणून त्यात थोडा स्पिरिट मिसळून हव्या त्या उष्णतेला फुगेल असे जमवलेले असते. डबी फुगली की काडी वर जाते, आणि दिव्याच्या पेटीत झाकण उघडून गरम हवा बाहेर सोडते. विजेच्या पेटीत तीच काडी छोटा स्विच बंद करते.

आधी तपासा. ४२ अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात डबी पूर्ण बुडवा. चांगली असेल तर दोनेक मिनिटांत मध्यभाग ठळक फुगतो आणि गार पाण्यात बसतो. कडेने बुडबुडे आले किंवा काहीच झाले नाही तर ती गेली. डाग देऊ नका. आतल्या ईथरची वाफ कावीच्या उष्णतेने भडकते. अशा कॅप्सूल आजही नव्या बनतात, तशी नवी बसवा. काडीचा किंवा स्क्रूचा आटा झिजला असेल तर मात्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर तसाच तुकडा करून मिळेल.

आणखी एक बाब इथल्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. कॅप्सूल आतल्या वाफेच्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबातल्या फरकावर चालते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी. मुंबईत लावून ठेवलेली कॅप्सूल इथे एक-दोन अंश आधीच फुगते आणि पेटी थंड राहते. कॅप्सूल बिघडली असे समजून लोक ती काढून टाकतात; खरे तर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून, प्रत्येक वेळी दोन तास थांबून नव्याने लावायचा असतो.

डिजिटल कंट्रोलर बसवायचा असेल तर अवश्य बसवा, पण जुनी कॅप्सूल काढू नका. तिचा स्विच हीटरच्या तारेत कंट्रोलरच्या पुढे एकसरीत (सिरीजमध्ये) जोडा आणि एक अंश वर लावा. कंट्रोलरचा रिले (आतला स्विच) चिकटून बसला तर हीटर सुरूच राहतो आणि रात्रीत सगळी अंडी शिजतात. तेव्हा ती डबीच वीज तोडते.

प्रश्न (कागल) : हीटरच्या तारेवर पांढरट सुताचे वेष्टन आणि दिव्याच्या नळीभोवती राखाडी पुठ्ठा आहे. घासून साफ करू?

नका. त्या काळातल्या पेट्यांत हे बहुधा ॲस्बेस्टॉस असते. त्याचे तंतू फुप्फुसात जातात आणि तिथेच राहतात. शाबूत असेल तर हात लावू नका. भुगा पडत असेल तर मास्क लावून साबणाच्या पाण्याने ओले करा, ओलेच काढा, दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत बंद करा. झाडू, ब्लोअर, सॅण्डपेपर नको. जागी काचतंतूचे वेष्टन घाला. जुन्या रंगात शिसे असू शकते, तोही कोरडा घासू नका.

प्रश्न (राधानगरी) : पावसाळ्यात पेटी लावली. विसाव्या दिवशी पिल्ले अंड्यात पूर्ण वाढलेली, पण मेलेली निघतात. पाण्याचे भांडे कायम भरलेले असते. चूक कुठे?

चूक बहुधा त्या भरलेल्या भांड्यातच आहे. अठरा दिवसांत अंड्यातले पाणी उडून वजन ११ ते १३ टक्के कमी व्हावे लागते, तेव्हा रुंद टोकाची हवेची पोकळी पुरेशी मोठी होते. विसाव्या दिवशी पिल्लू चोच त्या पोकळीत घालून पहिला श्वास घेते. पोकळी लहान राहिली तर ते ओलाव्यात गुदमरते. अंडे फोडून पाहा. पिल्लू सुजलेले, लिबलिबीत आणि कवचाच्या आत पाणी दिसले तर हेच कारण.

पावसाळ्यात बाहेर २५ अंश उष्णता आणि ९० टक्के आर्द्रता असते. तीच हवा पेटीत पावणेअडतीसला तापली की भांड्यात थेंब नसतानाही आर्द्रता ४३-४४ टक्के भरते. अंड्यांतून उडणारे पाणी धरले की पन्नाशी गाठलीच. म्हणून पावसाळ्यात पहिले अठरा दिवस भांडे रिकामे किंवा अगदी थोडे पाणी. उलट डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांची, ७० टक्क्यांची हवा तापल्यावर १८ टक्क्यांवर येते. भांडे खऱ्या अर्थाने भरायचे ते हिवाळ्यात आणि कोरड्या उन्हाळ्यात. लोक नेमके उलटे करतात.

अंदाजाने चालू नका, वजन करा. देशी कोंबडीची १२ अंडी साधारण ५४० ग्रॅम धरली तर सहाव्या दिवशी ती ५१८च्या आसपास आणि अठराव्या दिवशी ४७५च्या आसपास यायला हवीत. जास्त असतील तर पाणी कमी करा, हवेची भोके उघडा. अठराव्या दिवशी अंडी फिरवणे थांबवा आणि तेव्हा मात्र आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर न्या. गोळ्याला ओले फडके गुंडाळलेला, आर्द्रता बघायचा थर्मामीटर पहिल्या टप्प्यात २९ आणि शेवटी ३२ अंश दाखवील.

दुसरा संशय थर्मामीटरवर. पंखा नसलेल्या पेटीत वर आणि खाली काही अंशांचा फरक असतो. थर्मामीटरचा गोळा अंड्यांच्या माथ्याच्या पातळीत हवा आणि तिथे ३८.८ अंश. पंखा बसवला तर सगळीकडे ३७.७ पुरेत, ३८.८ तसेच ठेवले तर पिल्ले लवकर आणि अशक्त निघतात. जुना थर्मामीटर खरा आहे का, हे ३८ अंशांच्या पाण्याने भरलेल्या थर्मासमध्ये ताप बघायच्या थर्मामीटरशेजारी धरून ताडा. अर्ध्या अंशाचा फरक निघाला तर तो पेटीवर लिहून ठेवा.

प्रश्न (करवीर तालुका) : वाळवी लागलेली फळी आणि नवे पॉलिश, दोन्हींबद्दल सांगा.

खाल्लेला भाग कापून तिथे जुन्या सागवानाचा तुकडा बसवा. आतून वाळवीचे औषध मारू नका. कवचाला भोके असतात, वास आणि विष सरळ गर्भापर्यंत जाते. आतली बाजू उघडीच ठेवा किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे (लाखेचे) दोन पातळ हात द्या, मग दार उघडे ठेवून दोन-तीन आठवडे वाळू द्या. त्यानंतर रिकामी पेटी ४८ तास चालवून नाकाने तपासा. वास आला तर अंडी घालू नका. बाहेरून जवसाचे तेल चालते. वापरलेली फडकी मात्र गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेटतात. पसरून वाळवा. बाहेर बनवणाऱ्याची जुनी अक्षरे, पट्टी, क्रमांक असेल तर ते घासू नका.

प्रश्न (हातकणंगले) : वीज गेल्यावर काय करायचे?

दार उघडू नका. चांगल्या भरावाची लाकडी पेटी आणि आतली अंडी दोन-तीन तास ऊब धरून राहतात. खुडूक कोंबडीसुद्धा रोज थोडा वेळ अंड्यांवरून उठतेच. जास्त वेळ लागणार असेल तर आत कोमट पाण्याच्या बाटल्या ठेवा. वरून घोंगडे टाका, पण हवेची भोके झाकू नका. शेवटच्या तीन दिवसांत तर अजिबात नाही, कारण तेव्हा प्रत्येक पिल्लू श्वास घेत असते.