हळद की कणीक?

प्रिय बाबू,

तुझे फोटो काल रात्री बसून पाहिले. फ्लॅशनं चेहरे इतके पांढरे पडलेत की नवरीला हळद लावली की कणीक, तेच कळेना! कॉम्प्युटरवर नीट होतील का, असं विचारलंस. आधी कोणते होणार नाहीत ते सांगतो, म्हणजे तुझं जागरण वाचेल.

फोटो जेपेग (कॅमेऱ्यानंच तयार करून दिलेला) असेल आणि कपाळावर सलग पांढरा डाग असेल, तर तो सोडून दे. तिथले तिन्ही रंग, लाल, हिरवा, निळा, २५५ या शेवटच्या आकड्याला जाऊन टेकलेत. स्लायडर कितीही ओढ, पांढऱ्याचं राखाडी होईल, कातडी परत येणार नाही. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची मूळ फाइल) असेल तर हायलाइट, म्हणजे उजळ भाग, खाली आणून एखादा स्टॉप तरी सावरतो; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. पण एक्स्पोजरही खाली आणलंस तर मास्क (बदल ठरावीक भागापुरता ठेवणारं साधन) फक्त चेहऱ्यावर लाव, नाहीतर मागचं लॉन आणखी काळं पडेल. लालच तेवढा २५५ ला टेकला असेल आणि बाकी दोन रंग शाबूत असतील, तर फोटो कृष्णधवल करून पाहा. हळदीच्या चेहऱ्यावर लाल सर्वांत आधी भरतो, मग मागून हिरवा येऊन गाठतो, आणि हळदीचं लिंबू होतं. म्हणून कॅमेऱ्यात एकट्या पांढऱ्या हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) भरवसा ठेवू नको, तिन्ही रंगांचा वेगळा दिसतो तो लाव.

आता हे झालं काऊन? खऱ्या फ्लॅशच्या आधी कॅमेरा एक बारीकसा फ्लॅश मारून परत आलेला उजेड मोजतो. रात्रीचं लॉन, मागे नुसता काळोख. त्यातून काय परत येणार? त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, म्हणून तो फ्लॅश वाढवतो. काळोखाला त्याचं काही नाही, भाजतो तो समोरचा चेहरा. अशा वेळी फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅशचा जोर कमी-जास्त करायची सोय) उणे १ वर ने, गरज पडली तर आणखी खाली. हे बटण साध्या एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनपेक्षा वेगळं असतं. बहुतेक पोरं इथंच गोंधळतात.

आजीचा फोटो मात्र वेगळ्या कारणानं गेला. ती पुढे दीड मीटरवर बसलेली, मागची रांग तीन मीटरवर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. मागचे बरोबर आले म्हणजे आजीवर चौपट उजेड पडला, पूर्ण दोन स्टॉप! हे कुठल्याही बटणानं सुटत नाही. तू चार पावलं मागे सर आणि थोडं झूम कर. पाच मीटर आणि साडेसहा मीटर यांत मग फारसा फरक उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आयएसओ, कॅमेरा उजेडाला किती दाद देतो त्याचा आकडा. तू १६०० वर होतास, अपर्चर (भिंगाचं छिद्र, आकडा लहान तितकं ते मोठं) २.८ आणि नवरी हाताच्या अंतरावर. फ्लॅशला कमी होण्यालाही हद्द असते, त्याच्या खाली तो जात नाही. आयएसओ ४०० कर, अपर्चर ५.६ कर, तो आपोआप ताळ्यावर येईल.

वेगळा फ्लॅश घेतलास तर त्याचं डोकं छताकडे वळव. पण नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत छत लाकडी असतं, ते उजेड गिळतं आणि उरलेला तांबूस करून परत देतं. तिथं पांढऱ्या भिंतीवर मार. लॉनवर छतच नाही, आणि रंगीत शामियाना असला तर त्याचाच रंग गालावर उतरतो. शिवाय आपल्याकडची लग्नं मे महिन्यातली, घाम आणि तेल चमकणारच. खिशात टिपकागद ठेव, नवरीच्या मावशीला दे. तुझ्यापेक्षा ती बरं टिपेल.

आणि हो, माझीही फजिती सांगतो. मी निगेटिव्हवर शिकलो. तिला जादा उजेड पचायचा, म्हणून आम्ही हात थोडा सैलच ठेवायचो. पहिलं डिजिटल लग्न त्याच सवयीनं घेतलं, आणि वरमाईच्या शालूची सगळी जर पांढरी सपाट झाली. पैसे मी मागितले नाहीत, त्यांनी दिलेही नाहीत.

रविवारी संध्याकाळी फुटाळ्यावर ये. तळ्याकडे पाठ करून ताईला उभी कर, आणि फ्लॅश शून्य, उणे १, उणे २ असे तीन फोटो काढ. पडद्यावर पांढरे सपाट झालेले भाग लुकलुकवून दाखवणारी हायलाइटची सूचना चालू ठेव.

आजीचा तो फोटो पुसू नको. रॉ फाइल असेल तर पेनड्राइव्हवर घेऊन ये, पांढरं लुगडं गेलं तरी डोळे मला अजून दिसताहेत.

तुझा काका