मुकादमाची दुसरी बाजू

तुझ्या कथेतला, ऊसतोड मजुरांची टोळी नेणारा बीडचा मुकादम पहिल्या ओळीपासून दुष्टच आहे, म्हणून तो जिवंत होत नाही. एक पान फक्त त्याच्या चांगुलपणावर लिही. कथेत नाही घेतलंस तरी चालेल. कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला, दिलेली उचल (आगाऊ रक्कम) त्याने साखर कारखान्याकडून स्वतःच्या अंगावर घेतलेली असते. जोडी उसाच्या फडातून निघून गेली, की ते पैसे त्याच्याच डोक्यावर. असा माणूस रात्री टोळीतल्या तापलेल्या लेकराला दवाखान्यात नेईल, अन् पहाटे त्याच लेकराच्या आईला फडात उतरवेल. दोन्ही मनापासून! या चांगुलपणाने त्याने केलेली पिळवणूक माफ होत नाही, उलट जास्त टोचते.

तुझी सोशिक नायिकाही तपास. उचलीतले पैसे ती कुणापासून लपवेल? जावेपासून? तो प्रसंग मला आधी पाठव.