पोर्टफोलिओतलं शेवटचं पान

चि. भाचरास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला आणि सोबतची तुझ्या डिझाइनच्या कामांची 42 पानी पीडीएफही शेवटपर्यंत पाहिली. ‘आदरणीय मॅडम’ वगैरे काही लिहू नकोस. तुझी आई मला ताई म्हणते, त्या हिशेबानं मी तुझी मावशी.

तू लिहिलंयस की ग्राफिक डिझायनरच्या नोकरीसाठी ऐंशी ठिकाणी अर्ज केले, चार-पाच ठिकाणांहून आपोआप सुटणारी ‘धन्यवाद’ची उत्तरं आली, बाकी सगळीकडे सामसूम. आता मोशन ग्राफिक्सचा आणखी एक कोर्स करावा का, असं विचारतोस. एवढ्यात नको. आईवडिलांचे अजून लाख-दीड लाख घालवण्याआधी आहे ते नीट मांडून बघ. तुझा हात चांगला आहे. ड्रॉइंग पक्कं आहे, रंगाची जाण आहे. घोडं पेंड खातंय ते काय दाखवतोस आणि कुणाला दाखवतोस इथे.

पहिली 41 पानं घे. कल्पनेतल्या एका कॉफी ब्रँडचा लोगो, मग त्याचेच कप, पिशव्या, एप्रन. बुटांच्या एका जगप्रसिद्ध कंपनीची ‘नवी ओळख’, जी त्यांनी कुणाकडे मागितलेली नाही. ध्यान करायला लावणाऱ्या अ‍ॅपचे स्क्रीन. सगळं इंग्रजीत, आणि सगळं त्याच फुकट मिळणाऱ्या मॉकअपवर, म्हणजे डिझाइन वस्तूवर कसं दिसेल ते दाखवणाऱ्या तयार चित्रावर: राखाडी भिंत, तिरकी सावली, कोपऱ्यात मॉन्स्टेराचं पान. आमच्या डिझाइन स्टुडिओत येणाऱ्या पीडीएफ एकावर एक ठेवल्या तर कुठली कुणाची हे ओळखू येणार नाही.

शेवटच्या पानावर मात्र, बहुधा उरलंसुरलं म्हणून, तू तीन गोष्टी कोंबल्या आहेस. मामेबहिणीची लग्नपत्रिका, गल्लीतल्या मंडळाचा गणपतीचा बॅनर आणि सांगलीच्या मार्केट यार्डातल्या दुकानाचं हळदीचं पाकीट. मी तिथे थांबले. या तीन कामांवर कुणीतरी ‘नाव अजून मोठं करा’ म्हणालेलं असणार, कुणीतरी रात्री अकराला मजकूर बदललेला असणार, प्रेसवाल्यानं ‘हा रंग असा येणार नाही’ असं सांगितलेलं असणार. आणि तरीही ती कामं छापून बाहेर पडली. नोकरीवर घेणाऱ्याला नेमकं हेच बघायचं असतं. कॉफीच्या कपाला नाही म्हणणारा कुणी गिऱ्हाईकच नव्हता, त्यामुळे तू अडचणीत कसा वागतोस हे त्यावरून काहीच कळत नाही.

तेव्हा ते पाकीट पुढे आण आणि त्याला निदान चार पानं दे. पहिली कच्ची स्केचेस, मालकानं नाकारलेला पर्याय आणि का नाकारला ते एका ओळीत, मग डायलाइनसकट (पाकीट कुठे कापायचं, कुठे दुमडायचं त्या रेषांसकट) छपाईची फाइल, आणि शेवटी दुकानात मांडलेल्या खऱ्या पाकिटाचा फोटो. मोबाइलवर काढलेला चालेल. खाद्यपदार्थाच्या पाकिटाच्या पाठीमागे काय काय बसवावं लागतं ते तुला आता ठाऊक आहे: निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, पॅकिंगची तारीख, बॅच नंबर, शाकाहाराचा हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी परवाना क्रमांक, तक्रारीसाठी पत्ता-फोन, बारकोड. एवढं सगळं त्या टीचभर जागेत बसवून तुझी मागची बाजू वाचता येतेय. बारीक अक्षरं तू फक्त काळ्या शाईत ठेवलीस, चार रंगांच्या काळ्यात नाही, म्हणून रजिस्ट्रेशन, म्हणजे छापताना रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, किंचित हललं असतं तरी ती फुटली नसती. हे तू मुद्दाम केलंस ना? मग लिही तसं. जाणकार माणूस तिथेच फोन उचलतो. आणखी एक, सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी त्याचं चिन्ह तू पाकिटावर टाकलेलं नाहीस. त्यासाठी दुकानदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. हे तू विचारून घेतलं असशील तर तेही एका ओळीत येऊ दे.

आता देवनागरीबद्दल, कारण तुझं खरं भांडवल तिथे आहे आणि तू ते लपवून ठेवलंयस. मुंबई-पुण्यात इंग्रजी अक्षरं छान बसवणारी मुलं पैशाला पासरी मिळतात. मराठी मजकूर न मोडता बसवणारं कुणी शोधायचं म्हटलं तर चार फोन करावे लागतात. मोठ्या एजन्सीच्या होर्डिंगवरही पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडलेली आणि जोडाक्षराचा पाय मोडून हलन्त लोंबकळताना तू पाहिला असशील. बहुतेक वेळा कारण एवढंच, की फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केलेला नसतो. एक सेटिंग. पण ते माहीत असणारा माणूस खोलीत नसतो, आणि मजकूर वाचता येणारा तर नसतोच.

तुझ्याही बॅनरवर एक चूक आहे, म्हणून सांगते. ‘आचाऱ्यांना’ लिहायचं होतं, ‘आचार्यांना’ छापलं गेलंय. महाप्रसाद रांधणाऱ्यांचे आभार मानता मानता मंडळानं गुरुजनांचे मानले. फॉन्टमध्ये ‘ऱ्या’तला तो अर्धा र आहे की नाही हे आधी टाइप करून बघायचं. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी असतात, राज्य सरकारनं 2009 मध्ये शासन निर्णय काढून ती ठरवून दिली आहेत. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की ती वळणं आपोआप येतात. इतकं बारीक कोण बघतं, असं म्हणशील. पाठ्यपुस्तकवाले बघतात, प्रकाशक बघतात, आणि मी बघते.

जुन्या प्रेसचं कामही शिकून घे. गावाकडे अजून कोरलड्रॉ आणि श्रीलिपीचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट चालतात, गिऱ्हाईक मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये मजकूर पाठवतं. एकातून दुसऱ्यात नेताना रफार उडतात, अनुस्वार सरकतात. दोन्हीकडचं येणारा आणि बदलानंतर पुन्हा प्रूफ वाचणारा माणूस प्रेसला आणि स्टुडिओला, दोघांनाही हवा असतो. दुकानांच्या मराठी पाट्यांचा कायदा 2022 मध्ये कडक झाला, सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा मोठमोठ्या ब्रँडना रातोरात आपलं नाव देवनागरीत हवं झालं. घाईत झालेल्या त्या पाट्या आजही रस्त्यावर आहेत. त्यातल्या पाच निवड, इंग्रजी लोगोच्या वळणाला शोभेल असं देवनागरी काढ. काल्पनिक कामच करायचं असेल तर हे कर. अभ्यासाला माणसं लांब शोधायला नकोत. कमल शेडगे यांनी नाटकांच्या वर्तमानपत्री जाहिरातींसाठी केलेलं अक्षरांकन जुन्या अंकांत बघ. र. कृ. जोशींनी मंगल हा फॉन्ट केला, तो तुझ्या कॉम्प्युटरवर बहुधा आहेच. ‘एक टाइप’ या मुंबईच्या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट फुकट उतरवता येतो, त्याची वजनं (बारीक ते ठळक) एकमेकांशेजारी ठेवून काना-मात्रांची जाडी कशी बदलते ते पाहा.

कुणाला पाठवायचं? नोकरीच्या साइटवर टाकलेल्या जाहिरातीला शेकडो अर्ज येतात, तिथे तुझा नंबर लागणं नशिबाचा भाग. आमच्यासारख्या सात-आठ जणांच्या स्टुडिओत एचआर नसतोच, मेल मालक किंवा सीनियर डिझायनर वाचतो, तोही जेवताना. त्याचं नाव शोधायची जागा सांगते. पुस्तक उघडलं की सुरुवातीला श्रेयांचं पान असतं: मुखपृष्ठ, मांडणी, सजावट, अक्षरजुळणी. दिवाळी अंकातही असतं, बालभारतीच्या पुस्तकांत असतं, ‘किशोर’मध्ये असतं, ज्योत्स्ना प्रकाशनाच्या चित्रपुस्तकांत असतं. वाचनालयात एक दुपार बसून तुला आवडलेल्या वीस कामांची नावं उतरवून काढ. त्या वीस जणांना लिही. ‘तुमचं काम प्रेरणादायी आहे’ असलं काही नको. कुठलं काम, त्यातलं काय आवडलं, तू काय करू शकतोस, एवढ्या तीन ओळी आणि पीडीएफ. बारा-पंधरा पानं, 10 एमबीच्या आत. आणि फाइलला स्वतःचं नाव दे रे बाबा. आत्ता तिचं नाव ‘फायनल न्यू 3’ आहे.

वेळही बघायची. दिवाळी अंकात चित्रं करायची असतील तर संपादकांना आषाढाच्या आसपास गाठायचं. नवरात्रात अंक प्रेसमध्ये असतात, तेव्हा लिहिलेला मेल पुढच्या वर्षीच्या ढिगात जातो. उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण कर, सोबत एखादं नवं काम जोडून. तिसऱ्यांदा नको.

मुलाखतीआधी हल्ली टेस्ट देतात. एका दिवसात होईल एवढी टेस्ट कर, खळखळ करू नकोस. पण खऱ्या ब्रँडच्या नावानं दहा पोस्ट, तीन पोस्टर आणि वर ओपन (बदल करता येईल अशी मूळ) फाइलही मागितली, तर ती टेस्ट राहिली नाही, ते फुकटात उरकून घेतलेलं काम आहे. ‘एवढ्या कामाचे मी पैसे घेतो, कमी आवाका असेल तर आनंदानं करीन’ असं सरळ लिही. चांगले लोक लगेच आवाका कमी करतात. बाकीचे गप्प बसतात, म्हणजे उत्तर मिळालंच.

पैशाचं जरा नीट ऐक, कारण हे कॉलेजात कुणी सांगत नाही. पुष्कळ ठिकाणी पोरांना नोकरी म्हणून बोलावतात आणि कागदावर ‘कन्सल्टंट’ लावतात. मग पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, आणि दर महिन्याला 10 टक्के टीडीएस कापलेला. तो टीडीएस बुडालेला नसतो. तुझ्या पॅनवर जमा होतो, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर दिसतो, आणि उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो. कित्येक मुलं रिटर्नच भरत नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात. कन्सल्टंट म्हणून राहायला हरकत नाही, फक्त ते जाणून राहा आणि रजेचं, नोटिशीचं मेलवर लिहून घे.

सुटी कामं घेतलीस तर अर्धे पैसे आधी. उद्यमची, म्हणजे लहान उद्योगांसाठीची, नोंदणी करून टाक, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला हजार रुपये देऊ नकोस. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करारात काही लिहिलेलं असलं तरी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. तुला कुणावर लगेच खटला भरायचा नाहीये. पण बिलाच्या तळाशी उद्यमचा नंबर आणि ‘देय: 45 दिवसांत’ एवढं छापलेलं असलं की अकाउंट्सवाल्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

हक्कांचंही काम हातात घेण्याआधी बोल. पगारावर असताना केलेल्या कामाचा कॉपीराइट मालकाचा, तो प्रश्न मिटला. बाहेरून मागणी आली, पैसे घेऊन चित्र काढलंस आणि काहीच ठरवलं नाहीस, तरी कायदा मागणी करणाऱ्यालाच पहिला मालक धरतो. म्हणून आधी एक मेल टाकायचा: हे चित्र या पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी, इतक्या वर्षांसाठी. दुसरीकडे वापरायचं तर वेगळे पैसे, आणि माझ्या पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी. समोरच्यानं ‘ओके’ लिहिलं तरी पुढे वाद झाल्यास दाखवायला काहीतरी असतं. माझ्या पाहण्यात या मेलमुळे कुणाचं काम गेलेलं नाही.

एआयचं तू घाबरून लिहिलंयस. साच्यातली चित्रं, सोशल मीडियावरच्या सणांच्या शुभेच्छा, ही कामं आटली आहेत, त्यात खोटं काही नाही, आणि नवशिक्या मुलांची सुरुवात त्याच कामांवर व्हायची. म्हणूनच मी पाकीट, प्रूफ, प्रेस असं घोकतेय. चुकीचं वजन छापलं गेलं तर कुणाला फोन करायचा, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असावं लागतं. रफसाठी तू एआय वापरत असलास तर वापर, पण पोर्टफोलिओत त्या त्या पानावर तसं लिही. विचारल्यावर कबूल करायची वेळ आली तर बाकीच्या पानांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

मुंबई की पुणे? जाहिरात आणि ओटीटीची पोस्टरं करायची ओढ असेल तर मुंबई, पण हातात ऑफर असल्याशिवाय तिथलं डिपॉझिट भरू नकोस. पुस्तकं आणि पॅकेजिंग यांत मन रमत असेल, आणि तुझी ती तीन कामं बघून मला तरी तसंच वाटतं, तर पुण्यातून सुरुवात कर.

पुढच्या महिन्यात दोन दिवस काढून ये. माझ्या ओळखीच्या दोन प्रेसमध्ये तुला घेऊन जाते. ऑफसेटचं मशीन चालू असताना शेजारी उभं राहून पहिले शंभर कागद कसे वाया जातात ते बघ, म्हणजे फाइल पाठवताना हात आपोआप सावध होतो. फक्त लग्नसराईतला शनिवार टाळ. त्या दिवशी ते लोक कुणाशी धड बोलत नाहीत.

आईला सांग, पापड पोचले.

तुझी,
मावशी